खंडेनवमीचा ट्रे

कातळशेतहून परत आलेलं कार्ड माझ्या टेबलावर पडलं तेव्हा जेवणाच्या सुट्टीला वीस मिनिटं होती आणि मला कडकडून भूक लागली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे लोकांनी माझं फार कौतुक केलं, आणि कौतुक ऐकताना मला दर वेळी ती भूक आठवते. डब्यात मेथीची भाजी होती. ‘दोष आढळला नाही’ असं लिहून शिक्का मारायला दहा सेकंद पुरले असते.

मी प्रणाली सणस. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात अंतिम तपासनीस आहे. आम्ही अणुवीज केंद्रांसाठी सुरक्षा-कार्डं बनवतो. तळहाताएवढी हिरवी पाटी, तिच्यावर बारीक बारीक भाग सोल्डर केलेले आणि वरून पारदर्शक लेप. चौदा नंबरचा माझा शिक्का बसला की कार्ड बाहेर पडतं आणि राज्यातल्या नऊ छोट्या अणुभट्ट्यांपैकी कुठल्यातरी एकीच्या कपाटात जाऊन बसतं. ही गोष्ट २०४३ सालची आहे. तोवर या भट्ट्या लोकांच्या इतक्या अंगवळणी पडल्या होत्या की त्यांच्याकडे कुणी मान वळवूनही पाहत नसे.

या कार्डाचं काम अगदी साधं असतं. भट्टीच्या उष्णतेवर तयार झालेली वाफ जाड नळ्यांतून टर्बाइनकडे जाते. नळी कुठे फुटली तर वाफेचा दाब एकदम उतरतो. तो उतरलेला दाब ओळखायचा आणि दोन हुकूम सोडायचे: नियंत्रक दांडे भट्टीत टाका आणि वाफेची झडप बंद करा. एकट्या कार्डावर भरवसा नको म्हणून दाब मोजणारे चार वेगवेगळे मार्ग असतात आणि प्रत्येक मार्गावर स्वतंत्र कार्डं असतात. चार पहारेकरीच म्हणा ना. चौघांपैकी दोघांनी ओरड केली की हुकूम सुटतो. एक आजारी पडला आणि एक झोपला, तरी दोघे उरतात. योजना चोख आहे, फक्त चौघांनी एकाच भांड्यातलं नासकं पाणी प्यायलेलं नसावं.

त्यातून २०३९ साली वैद्यबुवा आले. त्यांचं सरकारी नाव ‘अखंड स्वपरीक्षण प्रणाली’, पण ते उच्चारायला कुणाला सवड आहे? वैद्यबुवा दर दहा मिनिटांनी प्रत्येक कार्डातून विजेचा एक ठोका सोडतात, उत्तर ऐकतात आणि त्यावरून कार्डाची प्रकृती सांगतात. दिवसाला एकशे चव्वेचाळीस वेळा नाडी पाहणारा वैद्य घरात असल्यावर दरवर्षी कपाट उघडून, कार्ड उपसून भिंगाखाली धरायचं कशाला? ती पद्धत बंद झाली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, त्यात मीही होते.

तर हे कार्ड. जुलैतल्या एका दमट दुपारी कातळशेतच्या अणुवीज केंद्रातल्या एका कपाटातलं वातानुकूलन चाळीस मिनिटं बंद पडलं होतं. तेवढ्यात या कार्डाने दोनदा, काही मिनिटांपुरता, एकच आकडा धरून ठेवला. बाकीचे तीन मार्ग दाब किंचित हलताना दाखवत होते आणि हा मात्र ठाम: सगळं ठीक आहे. दोन्ही वेळा वैद्यबुवांनी नाडी पाहून ‘प्रकृती उत्तम’ असा निर्वाळा दिला होता. प्रकरण तिथेच संपायचं. पण कार्डाला हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली होती: ‘मला हे पटत नाही. कृपया उघडून बघा. – न. पेडणेकर, दुसरी पाळी.’

कातळशेतच्या या पेडणेकरबाईंना मी अजून भेटलेले नाही. त्यांचे आभार मात्र मी मनातल्या मनात इतक्या वेळा मानले आहेत की भेटल्या तर ओशाळतील. त्या चार शब्दांनी मला लाज वाटली आणि मी डबा बाजूला सारला.

आधी मी वेळा पाहिल्या. कार्डाची चूक दोन्ही वेळा नेमकी ठोक्याच्या क्षणी संपली होती. हे विचित्रच. वैद्याने मनगट धरलं की ताप उतरतो आणि हात सोडला की चढतो, असा आजार मी ऐकला नव्हता. मग कार्ड भिंगाखाली घेतलं. दोन तांब्याच्या रेषांच्या मधोमध, लेपाच्या खाली, तपकिरी ठिपका होता, जळल्यासारखा. मग मी बनवल्याची तारीख पाहिली आणि माझ्या पोटातली भूक गेली. पाच वर्षांपूर्वीची खंडेनवमी होती.

आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. क्लीनरूममध्ये माणसाचा केससुद्धा पडलेला चालत नाही, तिथे झेंडूची फुलं आणि हळदकुंकू कसं चालणार? म्हणून कारखान्याने तोडगा काढला होता. फुलं कापडाची, कुंकवाचं स्टिकर आणि नारळ प्लॅस्टिकचा. त्याच्या दोन वाट्या लोहचुंबकाने चिकटलेल्या असायच्या. आपटला की टक करून उघडायचा आणि आम्ही टाळ्या वाजवायचो.

आमच्या लाइनच्या प्रमुख सुवर्णाताई भिलारे यांना हे अजिबात पसंत नव्हतं. “गेल्या साली खोटा नारळ फोडला आन् वर्षात सोल्डरची भट्टी तीनदा बंद पडली,” त्या म्हणाल्या होत्या. “देवाला फसवून कुणाचं भलं झालंय?” त्या वर्षी त्यांनी डगल्याखाली लपवून खरा नारळ आत आणला. रिवाजाप्रमाणे दिवसाचा पहिला ट्रे रांगेतून काढून यंत्रापुढे ठेवला होता, चोवीस कार्डांचा. ताईंनी सोल्डरच्या भट्टीच्या लोखंडी पायावर नारळ आपटला आणि पाणी उडालं. “प्रणाली, पूस पटकन,” त्या म्हणाल्या. अर्ध्या दिवसाची सुट्टी म्हणून कार्डं धुवायचं यंत्र बंद करून ठेवलेलं होतं. मी फडकं स्पिरिटमध्ये भिजवलं, चोवीसही कार्डं पुसली, भिंगातून पाहिली, लखलखीत दिसली. ट्रे रांगेत सरकवला, लेप बसला आणि मी शिक्के मारले. प्रसादाचे दोन तुकडे जास्तच खाल्ले.

स्पिरिटने तेल जातं, मीठ जात नाही. मीठ जायला शुद्ध पाणीच लागतं. हे मला शिकवलेलं होतं, परीक्षेत मी ते लिहिलंही होतं.

नारळाच्या पाण्यात पोटॅशियम आणि क्लोराइड असतं, आजाऱ्याला आपण ते त्यासाठीच पाजतो. तेच क्षार लेपाखाली अडकले. लेप पाणी अडवतो, पण हवेतली ओल वर्षानुवर्षं अडवू शकत नाही. ओल आत गेली, वर वीज चालू असली, की एका रेषेतला धातू कणाकणाने विरघळतो आणि दुसऱ्या रेषेच्या दिशेने केसाहून बारीक धागा वाढत जातो. धागा पोहोचला की दोन रेषा जोडल्या जातात आणि कार्ड एकाच उत्तरावर अडकतं.

मी त्याच दुपारी कार्ड दमट पेटीत ठेवलं, वीज दिली आणि वैद्यबुवांची तार काढून ठेवली. सहाव्या मिनिटाला भिंगाखाली धागा दिसला. चंदेरी, फांद्या फुटलेला, दिसायला सुंदर. मग मी वैद्यबुवांची तार जोडली. ठोका आला आणि धागा जळून गेला. पडद्यावर अक्षरं उमटली: प्रकृती उत्तम.

म्हणजे वैद्य आला की रोग पळून जात होता आणि वैद्य गेला की परत येत होता. वैद्यबुवा खोटं बोलत नव्हते. ते स्वतःच पुरावा जाळत होते, आणि हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. याहून वाईट म्हणजे, ज्या दिवशी नळी फुटून वाफ पसरेल, त्याच दिवशी हवा सगळ्यात ओली असेल. कार्डाची गरज पडेल नेमक्या त्या क्षणी कार्ड ‘सगळं ठीक’ म्हणत बसेल.

मी ताईंकडे गेले. त्या कॅन्टीनच्या कोपऱ्यात कागद घेऊन ओठ हलवत बसल्या होत्या. वीस दिवसांनी त्यांना दिल्लीत कुशल कारागिरांचा देशपातळीवरचा सन्मान मिळणार होता. एकतीस वर्षं सोल्डरिंग केलेली, जावळीच्या खोऱ्यातून आलेली, दहावी शिकलेली बाई. हिंदीतली चार वाक्यं त्या आठवडाभर पाठ करत होत्या आणि तिसऱ्यात दर वेळी अडखळत होत्या.

“काय गं, तोंड का उतरलंय? जेवली न्हाईस?”

मी कार्ड पुढे ठेवलं. “कातळशेतचं आहे, ताई. तारीख बघा.”

त्यांनी पाहिली. चष्मा काढला, पुसला, परत लावला. “पुसलं हुतंस न्हवं तू?”

“स्पिरिटनं.”

पुढे समजावायची गरज नव्हती. साताऱ्यात त्यांच्याइतकं सोल्डर कळणारं माणूस नाही. बराच वेळ त्या कार्डाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिल्या.

“चार वर्षं झाली बसवून,” शेवटी त्या हळू आवाजात म्हणाल्या. “झालंय का कुठं काय? न्हाई ना? मग अजून वीस दिवसांनी काय आभाळ कोसळतंय? दिल्लीचं होऊ दे. आले की मी सोता सांगते साहेबांना.”

“वीस दिवस पावसाचे आहेत, ताई.”

“मला पाऊस शिकवू नकोस.” त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. “प्रणाली, तुला हितं हाताला धरून कुणी आणलं?”

“तुम्ही.”

“मग?”

मी डिप्लोमा करून आले तेव्हा माझे हात थरथरायचे. तीन कार्डं जाळल्यावर मॅनेजर मला काढायला निघाले होते. ताई आठ दिवस माझ्या पाठीशी उभ्या राहिल्या, माझं मनगट धरून. “श्वास सोड आन् मग टेकव,” एवढंच म्हणायच्या. माझ्या आईने मला चालायला शिकवलं असेल, पण पायावर उभं या बाईने केलं. आणि त्या बदल्यात त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं होतं, ते फक्त वीस दिवस.

मी टेबलावर परत आले आणि अहवाल लिहिला. नारळाचं पाणी सांडलं, मी स्पिरिटने पुसलं, माझा शिक्का, माझी चूक. नारळ कुणी फोडला ते लिहिलं नाही. अहवाल पाठवून मी कातळशेतला फोन लावला. तिथले केंद्रप्रमुख दत्ताराम मेस्त्री मालवणकडचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे आमचोच नारळ आमकाच नडलो म्हणायचो,” ते म्हणाले, आणि मग सरळ मुद्द्यावर आले. “बाई, तुमच्या धाग्याचं चित्रण मला आत्ता पाठवा. मी भट्टी उतरवतो.”

“लगेच? वैद्यबुवा तर म्हणतायत...”

“वैद्यबुवा काय म्हणतात ते मला माहीत आहे. त्यांना नारळाविषयी कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही मला सांगितलंत.” कागद चाळल्याचा आवाज आला. “पण एक अडचण आहे. त्या दिवसाची तुमची कार्डं सहाशे बारा. नऊ केंद्रांत विखुरलेली. माझं मी बंद करीन. बाकीची आठ एका नारळासाठी कुणी बंद करणार नाही. निम्म्या राज्याची वीज जाईल, दवाखाने आहेत, पाण्याचे पंप आहेत. चोवीस कुठली ते सांगा. चोवीस मी शोधून काढीन.”

तेच मला सांगता येईना. तो ट्रे पूजेसाठी रांगेतून काढला होता आणि नंतर हाताने कुठेतरी मध्येच घुसवला होता. यंत्राच्या नोंदीत त्याची जागा नव्हती. कार्डावर फक्त तारीख असते; कुठली कार्डं कुठे बसली हे ट्रेच्या नंबरावरूनच निघतं, आणि पाच वर्षांपूर्वीचा तो नंबर कुणाच्या लक्षात राहणार? ती रात्र मी नुसती कूस बदलत काढली.

सकाळी आठला सुवर्णाताई कारखान्यातल्या माझ्या तपासणीच्या खोलीत आल्या. बसल्या नाहीत.

“तुझा कागद वाचला,” त्या म्हणाल्या. “माझं नाव न्हाई त्यात.”

“नाही.”

“वगळ म्हणून मी सांगितलं हुतं का तुला?”

त्यांनी जुना फोन काढून माझ्यापुढे धरला. पडद्यावर फोटो होता. टोप्या घातलेल्या आम्ही पाच जणी दात काढून हसतोय, मागे सोल्डरची भट्टी, पायाशी फुटलेला नारळ, आणि पुढ्यात ट्रे. ट्रेच्या पट्टीवरचा आकडा स्वच्छ वाचता येत होता: ८७.

क्लीनरूममध्ये फोन नेला तर नोकरी जाते. हे प्रत्येक नव्या मुलीला दरडावून सांगणारी बाई म्हणजे सुवर्णाताई. हा फोटो दाखवणं म्हणजे नारळ आणि फोन, दोन्ही गुन्हे स्वतःच्या सहीने कबूल करणं होतं. पुसून टाकला असता तर जगात कुणाला पत्ता लागला नसता. मला वाटलं, उठून त्यांचे पाय धरावेत.

“ताई...”

“पेन दे.” माझ्याच अहवालाखाली त्यांनी लिहिलं: नारळ मी आणला, मी फोडला. सुवर्णा भिलारे. मग पेनाचं टोपण नीट बसवून पेन मला परत दिलं. “आन् याउप्पर माझ्याशी बोलायला येऊ नकोस.”

पुढचं भराभर झालं. ८७ नंबरच्या ट्रेमधली तेरा कार्डं कातळशेतला बसवलेली निघाली, चारपैकी तीन मार्गांवर. म्हणजे तिथे संकटाच्या वेळी एकच पहारेकरी ओरडला असता, आणि एकाच्या ओरडण्याने हुकूम सुटत नाही. बाकीची अकरा दुसऱ्या एका केंद्रात सापडली. चोवीसही काढली. दमट पेटीत ठेवल्यावर त्यांतल्या नऊ कार्डांवर धागे उगवले. दोन भट्ट्या सहा दिवस बंद राहिल्या, बाकीच्या सातांना हातही लावावा लागला नाही. दरवर्षी कपाट उघडून डोळ्यांनी बघायची जुनी पद्धत परत सुरू झाली. वैद्यबुवांना पहिला ठोका इतका हलका द्यायला शिकवलं की धागा जळण्याआधी दिसावा.

ताईंचा सन्मान एका ओळीच्या पत्राने रद्द झाला. त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. निरोपसमारंभ नको म्हणाल्या. माझा शिक्का सहा महिने काढून घेतला होता, त्याचं मला काही वाटलं नाही. पण पाच महिन्यांत मी तीनदा त्यांच्या दारात जाऊन आले आणि तिन्ही वेळा त्यांच्या सुनेने ‘आई झोपल्यात’ असं सांगितलं. सकाळी अकराला झोपणाऱ्यातली ती बाई नव्हे. मी केलं ते बरोबर होतं, हे मला माहीत होतं. बरोबर असण्याचा असा काही उपयोग होत नाही, हे मला तेव्हा कळलं.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी दुपारी मेस्त्रींचा फोन आला. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

“बाई, आज सव्वाअकराला आमची वाफेची नळी गेली. सांध्यापाशी.”

“माणसं?” मी विचारलं.

“टर्बाइनच्या दालनात माणसं होती. देखभालीचं काम चालू होतं. एक्केचाळीस.” ते थांबले. “चारही मार्ग बोलले. चारही. एका सेकंदाच्या आत दांडे सुटले, चौथ्या सेकंदाला झडप बंद. एकाच्या कानाच्या पाळीला चटका बसलाय. बस्स. बाकी सगळे आपल्या पायांनी बाहेर आले. आत्ता कॅन्टीनला चहा पितायत.”

मी खुर्ची ओढून बसले.

“मी कागद घेऊन बसलो होतो,” ते म्हणाले. “जुनी कार्डं असती तर झडप पुढच्या ठोक्यापर्यंत उघडी राहिली असती. सात मिनिटं. त्या दालनात सात मिनिटं, बाई.” आणि मग: “त्या ताईंचा नंबर द्या. फोटो देणाऱ्या.”

मी नंबर दिला. त्या माझ्याशी बोलत नाहीत, हे सांगितलं नाही.

संध्याकाळी साडेपाचला मी घरी आले तर सुवर्णाताई माझ्या दाराबाहेर पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर नातवाची शाळेची वही. मला पाहून उठल्या नाहीत. मी चप्पल न काढताच त्यांच्या शेजारी बसले.

“त्या मेस्त्रीनं फोन केला,” त्या समोर बघत म्हणाल्या. “म्हणला, ताई, धरा जरा. मला वाटलं साहेबलोक बोलतील. तर एकेक गडी यायला लागला फोनवर. एकेक जण आपलं नाव सांगायचा आन् म्हणायचा, ताई, मी घरी चाललोय. दुसरं काय न्हाई. एक्केचाळीस जण, प्रणाली. दीड तास चाललं.” त्यांनी वही उघडली. पेन्सिलीने, ठसठशीत अक्षरात, एका ओळीवर एक नाव. “सगळी लिहून घेतली. एकबी सोडलं न्हाई.”

“ताई, फोटो तुम्ही दिलात म्हणून...”

“गप. मला बोलू दे.” त्यांनी माझं मनगट धरलं. “मी तुला वीस दिवस मागितलं हुतं. तू दिलं न्हाईस. पाच महिनं मी तुझ्या नावानं बोटं मोडली. आज वाटतंय, ते वीस दिवस तू दिलं असतंस आन् नळी तेवढ्यात फुटली असती, तर हीच नावं मला पेपरात वाचावी लागली असती.” त्यांनी मनगट सोडलं नाही. “लई उपकार झालं तुझं, पोरी.”

उपकार कुणाचे कुणावर, ते मला मांडता आलं नाही. मी त्यांच्या खांद्याला डोकं टेकलं आणि रडले. थोड्या वेळाने त्यांनी चष्मा चढवला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचायला लागल्या, शाळेत हजेरी घेतात तशा सावकाश. प्रत्येक नावानंतर एक श्वास थांबत होत्या. एकोणिसाव्या नावाशी त्यांचा आवाज फुटला. त्यांनी वही माझ्याकडे दिली आणि पुढची नावं मी मोठ्याने वाचली.